भाड्याच्या यंत्राची खंडेनवमी

संगणक बंद पडला की लोकांना आधी देव आठवतो आणि मग आम्ही. वसईत हा दुसरा नंबर मी बरीच वर्षं सांभाळून आहे. औद्योगिक वसाहतीत पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस. आम्ही म्हणजे मी आणि पास्कोल. तो इथल्याच पापडी गावचा, मी लग्न होऊन साताऱ्याकडून इथे आलेली. तो यंत्रांशी बोलतो, मी माणसांशी. माझा आवाज यंत्रांना सोसत नाही असं त्याचं मत आहे, आणि माणसांनाही फारसा सोसत नाही हे तो चांगुलपणाने सांगत नाही.

आमचा धंदा बाहेरच्याला समजावणं सोपं आहे. कारखाना, दवाखाना, शाळा, कुणाचं तरी ऑफिस; सगळीकडे संगणक असतात आणि ते सांभाळायला स्वतःचा माणूस ठेवणं परवडत नाही. मग ती मंडळी आमच्याशी वर्षाचा करार करतात. सर्व्हर कुरकुरला, प्रिंटरने कागद गिळला, वायर उंदराने खाल्ली, की आम्ही धावायचं. लोणच्याच्या एका कारखान्यात सर्व्हर मसाल्याच्या खोलीत ठेवलेला होता. तो उघडला की मी आणि पास्कोल आळीपाळीने शिंकायचो आणि मालक म्हणायचे, "बघा, व्हायरस बाहेर पडतोय." अशी माणसं भेटतात म्हणून या धंद्यात टिकले.

पुढे क्लाउड आला आणि आमचा धंदाच बसतो की काय असं झालं. क्लाउड म्हणजे ढगबिग काही नाही. एखादी बडी कंपनी कुठेतरी प्रचंड इमारतीत हजारो यंत्रं चालवते आणि त्यातली तुम्हाला भाड्याने देते. हवं तेवढं घ्या, नको झालं की परत करा. म्हणजे गिऱ्हाइकाच्या ऑफिसात सर्व्हरच उरणार नाही. सर्व्हर नाही तर आम्ही कशाची देखभाल करायची? मला तर वाटायला लागलं की आता पापड लाटायला बसावं.

"ताई, आपण दिलं नाही तर दुसरा कोणीतरी देईल," पास्कोल म्हणाला. "यंत्र त्यांचं असू दे की. त्यावर काय ठेवायचं, कोणाला आत सोडायचं, बिघडलं तर कोणाला फोन करायचा, हे गिऱ्हाइकाला कुठे कळतंय? तेच आपलं काम."

बरोबर होतं त्याचं. त्याने अभ्यास केला, परीक्षा दिल्या, बड्या कंपनीकडे आमची नोंद झाली. मी अट घातली, की आधी आपलं स्वतःचं ऑफिस तिकडे न्यायचं. जो हलवाई स्वतःची मिठाई खात नाही त्याच्याकडून मी घेत नाही. काही महिने आम्ही आमच्यावरच प्रयोग केला, भाड्याचा मीटर कसा पळतो ते पाहून हबकलो, कामानंतर यंत्र बंद ठेवायला शिकलो. मग लहान गिऱ्हाइकं घेतली. खोक्यांचे एक कारखानदार म्हणाले, "माझा सर्व्हर कुठल्या गावी ठेवलाय ते सांगा, मी जाऊन बघून येतो." तिथे कोणाला सोडत नाहीत म्हटल्यावर ते आठवडाभर आमच्याशी बोलले नाहीत. पोरगी सासरी दिली आणि भेटू देत नाहीत, असा चेहरा करून बसले होते.

या नव्या कामात एक गोष्ट मात्र मुळापासून कळावी लागते. इमारत, वीज, यंत्राचं लोखंड हे बड्या कंपनीच्या जबाबदारीचं. आत काय आणि कुठे मांडलं, ते आपल्या. भाड्याच्या घराचं छप्पर गळलं तर मालकाशी भांडता येतं, पण तुम्ही दागिने उंबऱ्यावर ठेवलेत तर भांडायचं कोणाशी? हे वाक्य मी गिऱ्हाइकांना ऐटीत ऐकवायची. उंबरा नेमका कुठे असतो, ते मला डॉक्टर सामंतांच्या लॅबमध्ये कळलं.

डॉक्टर सामंत आमचं जुनं गिऱ्हाईक. वसई गावात त्यांची रक्त-लघवी तपासायची लॅब आहे आणि नायगावपासून विरारपर्यंत नमुने गोळा करणारी माणसं. डॉक्टर मूळचे मालवणचे. बोलणं मोजकं आणि तिरकं. सगळ्या केंद्रांवरून थेट नोंद व्हावी, कागद बंद व्हावा, हस्ताक्षरं वाचताना होणाऱ्या चुका टळाव्यात, म्हणून मीच त्यांना क्लाउडचा आग्रह केला. पूर्वी बाटलीवर हाताने नाव लिहीत. आता नमुना घेणारा माणूस मोबाइलवर नाव भरी आणि बाटलीवर आकड्याची पट्टी चिकटवी. कोणता आकडा कोणाचा, हे फक्त आमच्या भाड्याच्या यंत्राला ठाऊक.

डॉक्टर पितृपक्षात नवीन काही करू देईनात. "माझ्या वाडवडलांना तुमचा क्लाउड कळणार नाही, ताई. उगाच घाबरतील." म्हणून घटस्थापनेला काम सुरू केलं. सगळं झक्क चाललं. लॅबमधल्या मुली म्हणाल्या, किती पटकन उघडतंय. पास्कोलची मान ताठ झाली.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं पुजतात. सुतार करवत ठेवतो, शिंपी मशीन पुसतो, वसाहतीतले कारखाने लेथला हार घालतात. त्या वेळी हत्यार चालवायचं नाही, त्याला विसावा द्यायचा. डॉक्टरांकडेही सकाळचे नमुने आटोपले की तपासणीची यंत्रं आणि संगणक बंद करून, पुसून, हळदकुंकू आणि झेंडू वाहून पूजा होते. फक्त फ्रीज आणि जंतू वाढवायची उबदार पेटी तेवढी चालू राहते. दर वर्षी तिथला सर्व्हर आम्हीच बंद करायचो, आतली धूळ काढायचो आणि पास्कोल त्याच्या डोक्यावर फूल ठेवायचा. चर्चला जाणारा पास्कोल या कामात माझ्यापेक्षा कडक. माझ्या हातून कुंकू सांडलं की तो मला रागवे.

या वर्षी डॉक्टरांचा फोन आला. "ताई, पूजेला बसतोय. तुमचं ते परगावचं यंत्रही बंद करा. तेच एकटं राबत राहिलं तर पूजा कसली?"

मी हसले. पास्कोलला सांगितलं. त्याने आपल्या पडद्यावरून यंत्र बंद केलं, आणि फूल ठेवायला जागा नाही म्हणून आपल्याच कीबोर्डवर ठेवलं. दुपारभर आम्ही आमची पूजा केली, पेढे खाल्ले. संध्याकाळी दिवेलागणीला डॉक्टरांकडून निरोप आला, चालू करा. पास्कोलने चालू केलं.

लॅबमधली मुलगी फोनवर म्हणाली, "मॅडम, सॉफ्टवेअर उघडतंय, पण आत कोणीच नाही."

पास्कोलने बघितलं. पुन्हा बघितलं. त्याचा चेहरा मी एवढ्या वर्षांत तसा पाहिला नव्हता.

झालं होतं ते असं. आमच्या धंद्यात एक रीत आहे, गुरूने शिष्याला आणि शिष्याने पुढच्याला दिलेली. संगणकाच्या सी या कप्प्यात विंडोज ठेवायची आणि डी या कप्प्यात गिऱ्हाइकाची माहिती. सी बिघडला तरी डी शाबूत. वसईतल्या कुठल्याही दुरुस्तीवाल्याला झोपेतून उठवून विचारा, हेच सांगेल. भाड्याच्या त्या यंत्रातही एक डी होता, यंत्रासोबत फुकट आलेला आणि चांगला वेगवान. पास्कोलने माहिती सवयीने तिथे ठेवली. आमच्या आणि लहान गिऱ्हाइकांच्या स्वस्त यंत्रांत असा डी नव्हताच, आणि लॅबचं यंत्र रात्रंदिवस चालायचं, ते त्या दिवशी पहिल्यांदाच बंद झालं. पण तो डी म्हणजे तात्पुरती जागा होती, हात पुसायच्या फडक्यासारखी. यंत्र चालू आहे तोवर तुमची. बंद करून परत दिलंत की ती कंपनी दुसऱ्याला देते आणि तुम्ही परत आलात की कोरी मिळते. तशी सूचनाही त्यात लिहिलेली असते. पण रीत अंगात मुरली की सूचना कोण वाचतो? आणि रोजच्या प्रतींचं काय? त्या रोज निघत होत्या, हिरवी खूण दाखवत होत्या, फक्त सीच्या. तात्पुरत्या डीची प्रत त्या व्यवस्थेत निघतच नाही.

जुना सर्व्हर लॅबमध्ये होता, त्यात घटस्थापनेपर्यंतचं सगळं होतं. म्हणजे नवरात्र तेवढं पुसलं गेलं होतं.

बड्या कंपनीच्या मदतकेंद्राला मी स्वतः फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. ती जागा परत मिळत नाही, असं तिने तीन वेगवेगळ्या गोड शब्दांत सांगितलं. मी तिच्यावर ओरडले. काही उपयोग नव्हता, पण ओरडले.

डॉक्टरांसमोर जाऊन उभे राहिलो तेव्हा ते झेंडूच्या माळांमध्ये बसले होते. पास्कोलने सगळं सांगितलं, काही न लपवता. डॉक्टरांनी हातातली माळ खाली ठेवली.

"दिलेले रिपोर्ट लोकांकडे आहेत," ते म्हणाले. "बाकीच्यांचं रक्त पुन्हा घेऊ. माफी मागू. पण हे बघा." त्यांनी उबदार पेटी उघडली. आत प्लास्टिकच्या गोल, चपट्या डब्या होत्या, प्रत्येकीवर नुसता आकडा. त्यातल्या दोन त्यांनी पुढे ओढल्या. "रक्तातले जंतू. दोघांच्या रक्तात वाढलेत, दोन वेगळे जंतू, दोन वेगळी औषधं. यातली एक त्या बाळंतिणीची आहे. कुठली, ते सांगा मला."

बाळंतीण म्हणजे रेश्मा. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली मुलगी, बाळंत होऊन आठवडाही झाला नव्हता. ताप चढला म्हणून नर्सिंग होममध्ये ठेवलेली आणि ताप उतरत नव्हता. तिथले डॉक्टर तासातासाने सामंतांना रिपोर्ट विचारत होते.

"तिचं पण पुन्हा घेऊ या ना रक्त," मी म्हणाले.

"औषध सुरू झालंय, ताई. आता घेतलेल्या रक्तात जंतू धड वाढणार नाहीत, पण तिच्या अंगात राहतील. औषधाआधीचं रक्त एवढंच." त्यांनी डब्यांकडे बोट दाखवलं. "दोन्ही जंतूंवर चालणारं एक औषध आहे. ते मूत्रपिंडावर बसतं आणि तिची आधीच मंदावलीत."

पास्कोल म्हणाला, "डॉक्टर, आकड्यांच्या क्रमावरून अंदाज..."

"अंदाजाने पंचांग बघतात. रिपोर्ट देत नाहीत."

दुसरी डबी कोणाची ते तर आम्हाला अजिबातच माहीत नव्हतं. नमुने आणणाऱ्या माणसांनी डोकी खाजवली. बाटल्या सगळ्या सारख्या आणि घरं किती! रेश्माच्या घरच्यांना डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी फोन करून खरं सांगितलं. मी तिथेच उभी होते. फोनमधून तिच्या नवऱ्याचा आवाज मला ऐकू येत होता. भरत त्याचं नाव. तो ओरडत नव्हता, फक्त पुन्हा पुन्हा विचारत होता, "नाव हरवलं म्हंजे काय? मानसाचं नाव कसं हरवतं?"

ती रात्र कशी गेली ते लिहीत नाही.

दसऱ्याच्या सकाळी माझा फोन टुणटुण वाजायला लागला. सोन्यासारखे राहा, सोनं घ्या, सोनं द्या. मी वैतागून एकामागून एक संदेश पुसत होते आणि पुसता पुसता थांबले. संदेश! नमुन्याची नोंद झाली की लॅबच्या सॉफ्टवेअरमधून पेशंटच्या मोबाइलवर संदेश जात होता, की तुमचा नमुना मिळाला, क्रमांक अमुक. ही सोय मीच हट्टाने घालून घेतली होती. आमच्याकडचं सगळं पुसलं गेलं तरी प्रत्येक माणसाच्या खिशात त्याचा आकडा असणार.

पास्कोलला फोन केला तर तो आधीच रस्त्यावर होता. घरी बसवेना म्हणून तो पापडीहून निघाला होता. संदेश पोचवणाऱ्या कंपनीला त्याने वाटेतून फोन लावले. त्यांच्याकडेही तोरणं लागली असणार, कोणी उचलेना. आम्ही सरळ नर्सिंग होम गाठलं.

रेश्माला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ओठ सुकलेले, डोळे अर्धे मिटलेले. बाळ शेजारी नव्हतं, ते आत्याकडे घरी होतं. कॉरिडॉरमध्ये भरत उभा होता. आम्ही कोण ते कळल्यावर त्याने हाताची मूठ वळली. मी मनात म्हटलं, मारलं तर मारू दे. पण आधी फोन दाखवू दे.

"तुमच्या मोबाइलवर लॅबचा मेसेज आला असेल. आकडा असलेला. बघा ना जरा," मी म्हणाले.

त्याने शोधलं. नव्हता. रेश्माच्या फोनवर नव्हता. पास्कोल म्हणाला, नोंद करताना नंबर कोणाचा दिला होता?

बाकावर बसलेली भरतची आई पुढे आली. "मी दिला नंबर. आमच्या घरचा यकच नंबर, समद्या ठिकानी तोच. ग्यासला तोच, रेशनला तोच, बँकेत तोच. ह्यांचा."

"मग कुठे आहेत ते?"

"दर्यात," भरत म्हणाला. "बोट घेऊन गेलेत. नमुना घेतला त्याच्या दुसऱ्या दिवशी भरतीवर सुटले. तांडेल आहेत ते. त्यांच्याशिवाय बोट नाय जात."

त्यांचा फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. तो लागणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी प्रत्येकाने एकेकदा लावून बघितला.

भरतने मूठ सोडली. "चला," तो म्हणाला. "संस्थेत वायरलेस हाय."

मच्छीमारांच्या संस्थेची एक खोली आहे, तिथे बोटींशी बोलायचा वायरलेस. सेटवर बसणाऱ्या काकांनी दसऱ्याचा नवा सदरा घातला होता. भरतने दोन वाक्यांत सांगितलं, काकांनी एकही प्रश्न विचारला नाही. सेट हातात घेतला. "जलदेवी, जलदेवी. बंदरावरून बोलतोय. ओव्हर."

खरखर. पुन्हा. पुन्हा खरखर.

मी आयुष्यभर माणसांना सांगत आले आहे, थांबा, चालू होतोय, जरा धीर धरा. तेव्हा मला कळलं की थांबणाऱ्याला ते ऐकून काय वाटत असेल. भरत भिंतीला टेकून उभा होता. पास्कोल ओठातल्या ओठात प्रार्थना म्हणत होता. नर्सिंग होममधून डॉक्टरांचा फोन आला, की आणखी वाट बघता येणार नाही, दुपारपर्यंत ते दुसरं औषध सुरू करावं लागेल. ते मूत्रपिंडावर बसणारं.

काकांनी हाका बदलल्या. जलदेवी लांब असेल तर मधल्या कुठल्या तरी बोटीला ऐकू जाईल. अखेर एक तरुण आवाज आला. दुसरी बोट होती, म्हणाली, जलदेवी आमच्या पुढे हाय, सांगा काय ते.

"हिराजी तांडेलला सांग, मोबाइल काढ. लॅबचा मेसेज बघ. आकडा वाच. सुनेच्या औषधाला पायजे. ओव्हर."

मग पुन्हा खरखर. आता ती बोट पुढच्या बोटीला ओरडून सांगत असणार, पुढची बोट तांडेलला. मधे किती पाणी होतं कोण जाणे. बऱ्याच वेळाने तोच तरुण आवाज आला. "तांडेल म्हनतात, फोन बंद करून प्लास्टिकात ठेवलाय. काढतायत."

आणि त्यानंतर, "तांडेल इचारतात, सून बरी हाय ना?"

काकांनी भरतकडे बघितलं. भरतने तोंड भिंतीकडे फिरवलं. काका म्हणाले, "आकडा आला की बरी व्हनार. वाच म्हनावं."

मग आकडे आले. एक एक. मी लिहून घेत होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, एकदा ऐकलेलं चालणार नाही. काकांनी दोनदा परत वाचायला लावले, मग स्वतः उलट वाचून दाखवले. तिकडून आलं, "बरोबर. शेवट यक्केचाळीस."

पास्कोलने डॉक्टर सामंतांना फोन लावला. ते उबदार पेटीसमोरच उभे असावेत. डब्या सरकल्या, मग त्यांचा आवाज, "एक्केचाळीस. आहे. औषध सांगतो नर्सिंग होमला." आणि फोन ठेवताना, "पास्कोल, श्वास घे."

भरत खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. काकांनी सेटवर सांगितलं, आकडा पोचला. तिकडून पुन्हा तोच प्रश्न आला, सून बरी हाय ना. या वेळी भरतने स्वतः उत्तर दिलं.

जलदेवी तशीच वळली. जाळी न टाकता.

ताप एकदम उतरला नाही. दोन दिवस आम्ही सगळ्यांनी तिचा ताप घरचा असल्यासारखा मोजला. मग तो उतरला. बाकीच्या पेशंटांची नोंद त्यांच्याच फोनांतून आणि संदेशवाल्या कंपनीने सुट्टी संपल्यावर दिलेल्या माहितीतून पुन्हा उभी राहिली. काहींचं रक्त पुन्हा घेतलं. त्यांच्या घरी मी स्वतः गेले, कुठे चहा मिळाला, कुठे दारातूनच परत पाठवलं. डॉक्टरांनी करार मोडला नाही. "आता तुम्हाला कळलंय. नवा माणूस आणला तर त्याला पुन्हा शिकवायला लागेल," एवढंच म्हणाले.

पास्कोल सोडून जायला निघाला होता. मी जाऊ दिलं नाही, त्यासाठी मला माझा आवाज वापरावा लागला. आता नवीन गिऱ्हाईक आलं की त्याचं काम सुरू होण्याआधी पास्कोल त्याचं यंत्र मुद्दाम बंद करतो, परत चालू करतो आणि आत काय उरलं ते उघडून बघतो. प्रत निघाली अशी हिरवी खूण आली की ती प्रत उघडून वाचतो. गिऱ्हाइकं कुरकुरतात, किती वेळ लावता म्हणतात. लावतो. क्लाउड द्यायचा कसा, असं या धंद्यातली नवी मंडळी मला विचारतात. परीक्षा, नोंदणी, भाव हे सगळं सांगते, पण आधी सांगते, की तुमच्या जुन्या हुशारीची मला भीती वाटते. नवशिका सूचना वाचतो. आपण वाचत नाही.

दिवाळी झाल्यावर पाचूबंदरातून बोलावणं आलं. बारसं लांबलं होतं ते आता होतं. मी जरा बिचकतच गेले. हिराजी तांडेल म्हणजे वाळलेल्या बांबूसारखा माणूस, त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. त्यांना सगळं माहीत होतं. रागावले नाहीत, उगाच गोडही बोलले नाहीत. भरतने मला घुगऱ्या आणून दिल्या.

रेश्मा आतल्या खोलीत बाळाला घेऊन बसली होती. गाल अजून खोल गेलेले, पण डोळे उघडे, चांगले टपोरे. मी बाळाच्या पायाला बोट लावलं. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "मॅडम, ती दुसरी डबी कोनाची व्हती?"

नावाची नोंद झाली होती, रिपोर्ट गेला होता, हे मला ठाऊक होतं. डॉक्टरांनी ते सगळं त्याच आठवड्यात केलं होतं. पण तो माणूस कोण, जगला का, हे मी विचारलंच नव्हतं. आम्ही सगळे एका आकड्यामागे धावलो. दुसऱ्या आकड्याचा रिपोर्टही तितकाच थांबला होता, त्याच्याही उशाशी कोणीतरी बसलं असेल, किंवा नसेल. ही मुलगी अर्धवट शुद्धीत पडली होती, तिला तो आठवत होता आणि मला नाही.

"बरे हायत ना ते?" तिने विचारलं.

"विचारून सांगते," मी म्हणाले. मला माझीच लाज वाटली.

बाहेर येऊन डॉक्टरांना फोन केला. पेशंटचं नाव ते असं सांगत नाहीत. म्हणाले, आधी त्यांना विचारतो. थोड्या वेळाने त्यांचा फोन आला, "या म्हणतायत. का येताय ते मात्र तुम्हीच सांगा." पत्ता नायगावच्या खाडीकडच्या नव्या टॉवरमधला.

मी तशीच रिक्षा केली. लिफ्टमध्ये आरशात बघितलं तर हातात बारशाच्या घुगऱ्यांचा पुडा अजून तसाच. बेल वाजवली. आत कुणाची चाहूल लागेना. पुन्हा वाजवली. काठी टेकल्याचा आवाज आला, सावकाश, मधे थांबत, मग कडी निघाली.

दारात एक म्हातारे गृहस्थ उभे होते. बनियन, लुंगी, गळ्याशी सैल झालेली कातडी. मागे घरात दुसरं कोणी दिसत नव्हतं. त्यांनी डोळे बारीक करून मला न्याहाळलं.

"डॉक्टरांनी सांगितलं कोणी येणार म्हणून. काय काम आहे?"

मी वाटेत वाक्यं जुळवली होती. क्लाउड, बंद झालेलं यंत्र, उशिरा पोचलेला रिपोर्ट. त्याऐवजी घुगऱ्यांचा पुडा पुढे केला.

"काही काम नाही, काका," मी म्हणाले. "तुम्हाला बघायला आलेय."

"मला?" ते म्हणाले. मग काठी बाजूला घेऊन त्यांनी दार पूर्ण उघडलं. "दवाखान्यातून आल्यापासून तुम्ही पहिल्याच. आत या."